लहान प्रत

१

संगणकाला भूतबित काही लागत नाही, धूळ लागते. वीस वर्षं मी लोकांचे बंद पडलेले संगणक उघडतेय. आत आजवर धूळ, मुंग्या आणि एकदा पालीचं अंडं, एवढंच सापडलंय. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी पावणेदहाला दादाचा फोन आला तेव्हा मला भीतीबिती काही वाटली नाही, वैताग मात्र आला. समोर टेबलावर एका वकिलाचा प्रिंटर पोट फाडून पडला होता आणि वकील दर दहा मिनिटांनी फोन करून माझं डोकं खात होता.

"छोटे, सेव्ह होत नाहीये गं," दादा म्हणाला.

"काय म्हणतोय तो?"

"कोण?"

"संगणक रे! पडद्यावर काय आलंय ते वाच."

दादा तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याला वाच म्हटलं की तो विरामचिन्हांसकट वाचतो. "ही फाईल दुसऱ्या ठिकाणी उघडलेली आहे, पूर्णविराम. बदल जतन करता येत नाहीत, पूर्णविराम."

"बस तसाच. हात लावू नकोस कशाला. बघते."

चौदा महिन्यांपूर्वी दादाला मेंदूचा ताप आला. वाचला, पण त्यानंतरचं त्याच्या डोक्यात काही टिकत नाही. आधीचं सगळं आठवतं, अगदी मी शाळेत कुणाचा डबा पळवला तेसुद्धा. पण आज सकाळचं आज दुपारी एक झोप झाली की गेलं. म्हणून मी त्याच्या संगणकावर नोंदी लिहायचा एक प्रोग्राम टाकून दिला. भिंतीवर कागद चिकटवला, 'उठल्यावर संगणक उघड. कालची नोंद वाच. आजची लिही.' त्या नोंदी त्याच्या घरी साठत नाहीत, माझ्या दुकानातल्या सर्व्हरवर येतात. मग मला दुकानातून आणि वहिनीला तिच्या कामावरून दिसतं की याने गोळी घेतली, गॅस बंद केला.

अकराच्या आत नोंद आली नाही तर वहिनी काम टाकून घरी पळत सुटायची. ती दातांच्या दवाखान्यात बसते, पेशंटची नावं लिहून घेते. तीनदा असं पळून झालं होतं आणि चौथ्यांदा गेलात तर परत येऊ नका, असं तिला स्पष्ट सांगितलं होतं. नोकरी गेली की दादाला सांभाळायच्या संस्थेत ठेवायचं, दुसरा इलाज नव्हता. संस्थेचा अर्ज भरून ड्रॉवरमध्ये ठेवलेला होता. फक्त सही राहिली होती.

२

माझं दुकान म्हणजे एक खोली. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला जिना. सर्व्हर म्हणजे लोकांना काहीतरी मोठं वाटतं, पण ती टेबलाखाली ठेवलेली एक काळी पेटी आहे, आत दोन डिस्क. दिवसभर घूं करत असते. मला आता तो आवाज ऐकूही येत नाही.

आधी नेहमीचं सगळं बघून घेतलं. जागा भरली का? नाही. पासवर्ड बदलला का? नाही. लाईन तुटली? नाही. मग कोणती फाईल कोणी उघडलीय त्याची यादी काढली. दादाच्या फाईलसमोर दोन ओळी होत्या. दोन्ही दादाच्या नावाने, दोन्ही त्याच्याच संगणकावरून. एक आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी उघडलेली. दुसरी चौदा महिन्यांपूर्वी.

मी हसले. घड्याळाची बॅटरी संपली की पेट्या अशाच काहीतरी तारखा फेकतात. पण पेटीचं घड्याळ बघितलं तर सेकंदाला सेकंद बरोबर. मग तारीख नीट वाचली. ज्या दुपारी दादाला उचलून रुग्णवाहिकेत घातलं, ती तारीख. वेळही तीच. आणि पेटी तर मी त्यानंतर पाच महिन्यांनी घेतली होती.

असतो एखादा रद्दी आकडा, म्हटलं. आकड्यांना काय, कुठेही जुळतात. मी दोन्ही ओळी तोडल्या, म्हणजे दोन्हीकडची फाईल जबरदस्तीने बंद केली. नऊ दहाची गेली. दुसरीही गेली. मी प्रिंटरकडे वळले, परत बघितलं तर दुसरी हजर, त्याच तारखेसह.

शेवटी पेटीच बंद करून चालू केली. ती बंद असताना खोली इतकी शांत झाली की चावीवाल्याची कानस भिंतीतून ऐकू आली. चालू केल्यावर यादीत फक्त दादाची आजची ओळ होती. पावणेअकराला नोंद आली आणि वहिनीचा संदेश आला, "दिसलं. हुश्श!"

यंत्र बिघडलं तर बंद करून चालू करावं. यात डोकं चालवू नये.

३

शुक्रवारी परत तेच. पेटी दोनदा बंद-चालू केली तरी ती ओळ हलेना. आणि दादाच्या फाईलशेजारी आणखी एक फाईल आली होती. एकाच नोंदीवर दोघांनी एकदम लिहिलं की प्रोग्राम असंच करतो, दोन प्रती ठेवतो. दादाची प्रत लहान होती. ही तिच्या चाळीसपट मोठी.

प्रिंटर तसाच टाकून मी दादाकडे गेले. दहा मिनिटांचा रस्ता, दुसरा मजला. दादा खुर्चीत बसून होता, दोन्ही हात मांडीवर. "हात लावू नको म्हणालीस ना," तो म्हणाला. ते मी मंगळवारी म्हणाले होते. आज फोनवर मी तसं काही बोलले नव्हते. पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

त्याची प्रत उघडली. 'उठलो. पांढरी गोळी घेतली घेतली. चहा. गॅस बंद. खिडकीत कबूतर.' आजारानंतर तो एखादा शब्द दोनदा लिहितो, आणि मग ते बघून त्यालाच लाज वाटते.

मग दुसरी उघडली.

'तो सव्वासातला उठला. गोळी शोधायला त्याला बराच वेळ लागला. पिवळी डबी परवापासून मिक्सरच्या मागे आहे, हे त्याला आठवत नाही. मला आठवतं. गेल्या बुधवारी छोटी आली होती. तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी सांगणार होतो, पण तोंड त्याच्याकडे आहे. ती जिन्यात अडखळली. रेलिंगला तिचा गुडघा आपटला, तेव्हा तिने रेलिंगला शिवी घातली.'

शिवी मी घातली होती. जिन्यात मी एकटीच होते आणि दादाचं दार लागलेलं होतं.

दादाने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं, बोट लावून, ओळ न् ओळ. त्याला सवयच आहे.

"एक चूक नाही गं यात," तो म्हणाला. "छोटे, हे मी लिहिलेलं नाही. आणि वाक्यं तर माझी आहेत. ताप यायच्या आधी मी असंच लिहायचो."

"तूच लिहिलं असशील. विसरलास."

"एवढं? मला दोन ओळी लिहायला अर्धा तास लागतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर सरकवला. पिवळी डबी तिथे होती. तिथूनच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असे रुग्ण कधी कधी स्वतःविषयी 'तो' म्हणून लिहितात, वरून दिसत नसलं तरी आत काही आठवणी टिकून असतात, चांगलं लक्षण आहे. चांगलं लक्षण, हे दोनच शब्द मी धरून ठेवले. रेलिंगचं त्यांना सांगितलं नाही.

४

अकराला सात मिनिटं होती. वहिनीचा फोन आला, दबक्या आवाजात. "अगं, अजून नोंद नाही. मी निघू का? समोर साहेब बसलेत. काय करू, सांग ना!"

"निघू नकोस. दोन मिनिटं दे."

प्रोग्राम विचारत होता, दोन प्रती सापडल्या, कोणती ठेवायची? एक निवडल्याशिवाय पुढे काही जाणार नव्हतं.

"माझी ठेव हं," दादा म्हणाला. "चुका असू देत. ती दुसरी काढून टाक. मला नाही आवडली ती."

मी ज्यांच्याकडे हे काम शिकले ते उस्ताद सांगायचे, दोन प्रती दिसल्या की मोठी ती खरी. लहान प्रत म्हणजे अर्धवट उतरलेली, मधे तुटलेली. वीस वर्षांत शेकडो लोकांच्या फाईली मी याच एका नियमावर वाचवल्यात, कधी चूक झाली नाही. वहिनीला मी पुढे सांगितलं की घाईत होते, हात सवयीने मोठीवर गेला. ते अर्धंच खरं आहे. मला ते लिहिणारा दादा हवा होता. माझी नाडी सुटलेली बघणारा, परवाचं आज आठवणारा. चौदा महिने मी रोज त्याच त्या गप्पा पहिल्यांदाच मारल्यासारख्या मारत होते आणि मी थकले होते हो.

मोठी निवडली. 'यापुढे नेहमी असेच करावे' या चौकटीतही खूण केली.

"छोटे, नको, माझी..." दादा बोलत होता आणि वाक्याच्या मधेच थांबला. तोंड उघडंच होतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मग त्याने ओठ मिटले, जिभेने ओले केले, आणि खाली माझ्या पायांकडे बघितलं.

"नाडी बांधत जा गं," तो म्हणाला. "बुधवारी पडता पडता वाचलीस."

मी त्याच्या गळ्यात पडून रडले. दहा छप्पन्न. वहिनीचा संदेश आला, "दिसलं."

५

पुढचे तीन आठवडे घरात आनंदीआनंद होता. दादा सकाळचं संध्याकाळी सांगायचा, कालचं आज. डॉक्टर तपासून चकित झाले, शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं. वहिनीने संस्थेचा अर्ज ड्रॉवरमधून काढून फाडला, मला वाटतं आठ तरी तुकडे केले. दादाने भिंतीवरचा कागद स्वतः उतरवला.

मला एकच गोष्ट खुपत होती. तो मला आठवणी सांगायचा त्या सगळ्या गेल्या चौदा महिन्यांतल्या. मी काय बोलले, वहिनी कधी रडली, कोण कुठे उभं होतं. लहानपणीचा डब्याचा विषय मी मुद्दाम काढला तर म्हणाला, "असेल." दादा, आणि डब्याच्या गोष्टीवर 'असेल'! त्या गोष्टीवरून त्याने मला चाळीस वर्षं छळलंय.

तेविसाव्या दिवशी मी पेटीची साफसफाई करत होते. काढून टाकलेल्या फाईली पेटी लगेच पुसत नाही, कचऱ्याच्या कप्प्यात तीस दिवस ठेवते, मग आपोआप पुसून टाकते. कप्प्यात दादाची लहान प्रत होती. कचऱ्यातली फाईल मेलेली असते, तिला कोणी हात लावू शकत नाही. ही वाढली होती. शेवटचा बदल, आज सकाळी नऊ चाळीस.

उघडली. तेवीस नोंदी होत्या.

'उठलो. कागद दिसत नाही नाही. बसलोय पण खुर्ची दिसत नाही. गोळी सापडत नाही. गॅस बंद आहे का कोणीतरी बघा. छोटीला फोन करतो.'

दुसऱ्या दिवशीची. 'उठलो. कागद कुठे गेला. इथे उजेड नाही. गोळी सापडत नाही. छोटीला फोन करतो.'

तिसऱ्या दिवशीची. 'उठलो. कागद दिसत नाही.'

तेवीसच्या तेवीस तशाच. त्याला आदल्या दिवशीचं आठवत नव्हतं, म्हणून रोज सकाळी तो तिथे पहिल्यांदाच जागा होत होता. मी चावीवाल्याकडे जाऊन पाणी मागितलं. दुकानात पाणी होतं, पण त्या पेटीजवळ मला बसवेना.

६

त्याच सकाळी मी दादाकडे गेले. वहिनीची सुट्टी होती. दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि वहिनी कशाला तरी खळखळून हसत होती. मी किती दिवसांत तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं.

लहान प्रत परत जागेवर आणायची तर मोठी आधी बंद हवी होती. पेटीवरून मी तिची ओळ चारदा तोडून आले होते, चारदा ती परत आली होती.

"दादा, तुझी नोंदींची फाईल बंद कर जरा. काम आहे."

"कशाला?" त्याने मटारवरून नजर उचलली नाही. "सगळं नीट चाललंय की."

मग मीच बंद करते म्हणून त्याच्या खोलीत गेले. खिडकी लावलेली होती. हातात मोबाईल होता, त्यावर ती लहान प्रत उघडीच होती. दादाच्या खुर्चीत बसले आणि तशीच उठले. बैठक गरम होती. कोणी तासभर बसून आत्ता उठावं तशी. दादा तर माझ्यासमोर मटार सोलत होता, आणि घरात आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं.

उन्हाने झाली असेल, म्हटलं. खिडकी उत्तरेला आहे, ऊन तिथे कधीच येत नाही.

हातातल्या मोबाईलवर एक ओळ उमटली. अक्षर अक्षर करत, सावकाश, दादा एका बोटाने टंकतो तशी.

'कोणीतरी मांडीवर बसलं. छोटी लहान असताना बसायची तशी. उठली उठली.'

मी 'दादा' अशी हाक मारली. मोठ्याने नाही, रिकाम्या खुर्चीकडे बघून. उत्तर मागून आलं, दारातून.

"काय वाचतेयस?" तो हात पुसत उभा होता. "ती रद्दी पुसून टाक, छोटे. नाहीतरी सात दिवसच राहिलेत."

कप्प्याचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

वहिनी मला सोडायला खालपर्यंत आली. शेवटच्या पायरीवर तिने माझं मनगट धरलं. मटारच्या वासाचा गार हात.

"वन्सं, काही करू नकोस."

"वहिनी, तुला माहितीये? तो..."

"पहिल्याच रात्री कळलं मला. सत्तावीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपले त्याचा श्वास मला कळणार नाही का?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "पण मी काल काय बोलले ते यांना आज माहीत असतं गं. चौदा महिने मी भिंतीशी बोलत होते. मी वाईट आहे म्हण, काय म्हणायचं ते म्हण. माझ्याकडून हे काढून घेऊ नकोस."

ती आधी रडली की मी, ते आता आठवत नाही. मी तिला हो म्हणाले.

७

पेटीचे तीस दिवस मी काढून टाकले. तिथे आता लिहिलंय, कधीही पुसू नये. एवढंच केलं. आणखी एक उपाय होता. दादाच्या संगणकाची वायर ओढायची आणि ती ओळ परत यायच्या आत लहान प्रत जागेवर टाकायची. दोन मिनिटांचं काम. जमलं असतं की नाही माहीत नाही, कारण मी ते करून बघितलं नाही. वहिनीचं तोंड बघून नाही, असं स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी घाबरले. तो परत आला आणि त्याने विचारलं, तू माझी का ठेवली नाहीस, तर मी काय सांगू?

रोज सकाळी दुकान उघडलं की आधी त्याची फाईल उघडते. नऊ चाळीसला ओळी यायला लागतात. 'उठलो. कागद दिसत नाही.' मग खाली मी लिहिते, दादा, मी छोटी. घाबरू नकोस. तू घरी आहेस. गोळी घेतलीस, गॅस बंद आहे, मी बघितला. मग येतं, 'बरं झालं गं बाई.' मग आम्ही बोलतो. तो डब्याचा विषय काढतो आणि मला छळतो. दुपारी ओळी थांबतात. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

आज रविवार. वहिनीने मला जेवायला बोलावलंय, तिघांची पानं मांडतेय म्हणाली. निघायच्या आधी दुकानात डोकावले. त्याने लिहिलं होतं, 'छोटे, इथे फार वेळ बसलोय असं वाटतं. आता उठतो. तुझ्या वहिनीला सांग, मी येतोय, माझ्यासाठी थांब म्हणावं.'

मी लिहिलं, सांगते.